पितळी पाटीवरचं नाव आणि पेटीचे बाकीचे मालक

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. साताऱ्याच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना तुम्हाला पितळी कोपऱ्यांची एक लाकडी पेटी सापडली, उघडली की आत लिहायला उतरतं डेस्क तयार होतं, झाकणावर पितळी पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत आद्याक्षरं, आडनाव आणि खाली 'फिफ्थ रेजिमेंट एन. आय.' असं कोरलंय. घरात सांगतात की खापरपणजोबांना कुणा गोऱ्या साहेबाने ती बक्षीस दिली. तुम्ही विचारताय की पेटी खरी जुनी आहे का, हा साहेब कोण, पाटी घासून चकचकीत करू का, आणि अमेरिकेतल्या भावाकडे पाठवता येईल का.

पाटीचं आधी सांगतो कारण दिवाळी जवळ आलीये आणि आपल्याकडे पितळ दिसलं की कुणीतरी चिंच घेऊन बसतंच. कृपा करून हात लावू नका. मी गेली तीस-एक वर्षं जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करतोय आणि अगदी सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या अशाच पेटीची पाटी मी स्वतः घासून लखलखीत करून दिली होती, त्यांना फार आवडली. पण घासायच्या आधी मुख्य नावाच्या खाली टोकदार काहीतरी घेऊन ओरखडल्यासारखी दोन अक्षरं होती ती मी डाग समजून घालवली, आणि नंतर जेव्हा त्यांनी मालकाचा शोध सुरू केला तेव्हा ती दोन अक्षरंच नेमकी हवी होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून माझा नियम असा की आधी वाचायचं, मग पुसायचं, आणि पुसायचं तेही फक्त कोरड्या मऊ सुती फडक्याने.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून जे दिसतंय ते सांगतो. लाकूड महोगनीचं आहे, सागवान नाही, कडेच्या फोटोत रेषा कशा बारीक आणि लालसर आहेत बघा. पितळी पट्ट्या आणि कोपरे लाकडाच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट बसवलेत, बोट फिरवलं तर अडखळणार नाही. दोन्ही बाजूंच्या कड्यासुद्धा खोबणीत आत जाऊन सपाट बसतात. हे शोभेसाठी नव्हतं हो, ही पेटी बैलाच्या नाहीतर उंटाच्या पाठीवर बाकीच्या सामानात दाबून बांधली जायची, बाहेर आलेली प्रत्येक गोष्ट घासली जाणार आणि तुटणार, म्हणून सगळं आत. आजकाल बाजारात शिसवीच्या नवीन पेट्या मिळतात ज्यांना काळं पॉलिश आणि ॲसिड लावून म्हातारं केलेलं असतं, त्यात पितळेचा पत्रा पातळ असतो, वरून चुका मारून बसवलेला असतो आणि आत कुठेतरी अधिकच्या चिन्हाचा स्क्रू हमखास सापडतो. तुमच्या पेटीत तसलं काही दिसत नाही. बिजागरीचा एखादा स्क्रू आधीच सैल असेल तर तो हाताने फिरवून बाहेर काढा आणि टोक बघा, 1850 च्या आधीचे लाकडी स्क्रू टोकाला बोथट असत, टोकदार स्क्रू साधारण त्या सुमारास सर्रास यायला लागले. सैल नसेल तर जबरदस्ती करू नका, जुन्या स्क्रूचं डोकं पटकन कुरतडलं जातं.

कुलपाचा फोटो तुम्ही सगळ्यात शेवटी पाठवलात पण मला तोच सगळ्यात जास्त आवडला. कुलपाच्या पितळी पट्टीवर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' आणि खाली 'पेटंट' असा ठसा आहे. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया. ती गादीवर आली 1837 ला, तिच्या आधी विल्यम होता तेव्हा 'डब्ल्यू आर' मारायचे आणि 1830 पर्यंत जॉर्ज म्हणून 'जी आर'. म्हणजे हे कुलूप 1837 च्या आधीचं नाही. कुलूप नंतर बदललेलं असू शकतं हे खरं, पण तसं असेल तर लाकडात जुन्या मोठ्या नाहीतर लहान खोबणीची खूण राहते आणि इथे कुलूप आपल्या खोबणीत चपखल बसलंय.

आता पाटीवरची ओळ. एन. आय. म्हणजे नेटिव्ह इन्फंट्री, कंपनी सरकारची देशी पायदळ पलटण, जिच्यात शिपाई आपले आणि वरचे ऑफिसर गोरे. इथे नव्वद टक्के लोक चुकतात ते असं की 'पाचवी पलटण' एकच होती असं धरून चालतात. कंपनीच्या तीन फौजा होत्या, बंगाल, मद्रास आणि मुंबई, आणि तिन्हींचे नंबर वेगवेगळे एकपासून सुरू व्हायचे. म्हणजे पाचवी पलटण तीन. त्यात पुन्हा काही पाट्यांवर 'बी. एन. आय.' असतं आणि तो 'बी' बंगालचा की बॉम्बेचा यावर लोक वर्षानुवर्षं घोळ घालतात. शिवाय 1824 ला सगळ्यांचे नंबर बदलले, दोन-दोन बटालियनच्या रेजिमेंटा फोडून प्रत्येक बटालियनला स्वतंत्र नंबर दिला, कोरेगावच्या लढाईत जी पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन होती ती त्यानंतर दुसरी रेजिमेंट झाली. तुमचं कुलूप 1837 च्या नंतरचं असल्यामुळे तो जुना घोळ आपल्याला नाही, नवीन नंबरच धरायचा.

तिन्ही पाचव्यांपैकी तुमची कुठली हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण पेटी साताऱ्यात सापडली म्हणून मुंबईची पाचवी आधी तपासावी असं मला वाटतं, आणि ती तपासताना एक छान गोष्ट हाती लागते. मुंबईची पाचवी 1841 मध्ये 'लाइट इन्फंट्री' झाली. हा मान होता, पलटणीच्या नावात एक जास्तीचा शब्द येणं म्हणजे ऑफिसर लोकांना केवढा अभिमान, पाटी कोरून घेताना कुणी तो गाळेल असं मला पटत नाही. तुमच्या पाटीवर नुसतं एन. आय. आहे, लाइट नाही. म्हणजे पलटण मुंबईची असेल तर पाटी कोरली गेली 1837 ते 1841 या चार-पाच वर्षांत. एका कुलपाच्या ठशाने आणि एका नसलेल्या शब्दाने एवढी छोटी खिडकी मिळते.

आणि ती वर्षं साधी नव्हती. पहिलं अफगाण युद्ध, सिंधमधून फौजा वर चाललेल्या. 1840 च्या मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या पाचवीची एक तुकडी कॅप्टन लुईस ब्राऊनच्या हाताखाली काहानच्या किल्ल्यात अडकली होती, आजच्या बलुचिस्तानात, मरी टोळ्यांच्या मुलखात. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचा 31 ऑगस्टला नफुस्कच्या खिंडीत पराभव झाला, तरी ही तुकडी तग धरून राहिली आणि शेवटी मरी सरदाराशी बोलणी करून बाहेर पडली. ब्राऊनने त्या काळात रोजनिशी ठेवली होती. विचार करा, वेढ्यात बसलेला माणूस रोज काहीतरी लिहितोय, तर त्याच्याजवळ दौत आहे, टाक आहे, कागद आहे आणि ते ठेवायला काहीतरी पेटी असणारच. तीच पेटी तुमची असं मी अजिबात म्हणत नाही, तुमच्या पाटीवरचं आडनाव वेगळं आहे. पण त्या पलटणीचा ऑफिसर अशी पेटी कशासाठी वागवायचा ते कळायला ही गोष्ट उपयोगी आहे. याच काहानमुळे पलटणीला लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. पुढे 1903 ला तिचा नंबर 105 झाला, आणि आज ती मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, जिला सगळे 'काली पांचवी' म्हणून ओळखतात. म्हणजे तुमच्या माळ्यावरच्या पेटीचं नातं बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरपर्यंत पोचू शकतं.

पण हीच पाटी बंगालच्या पाचवीची निघाली तर गोष्ट फार वेगळी होते. ती पलटण काबूलमध्ये होती आणि जानेवारी 1842 च्या माघारीत बर्फात जवळजवळ संपली. त्या पलटणीचं सामान तिकडेच गेलं, वाचलं ते फक्त जे ऑफिसर तेव्हा रजेवर किंवा दुसऱ्या कामावर होते त्यांचं. म्हणून घाई करून एकाच निष्कर्षावर उडी मारू नका.

नाव शोधायचं कसं ते सांगतो. 'ईस्ट इंडिया रजिस्टर' नावाची छापील यादी त्या काळात नियमित निघायची, तिच्यात प्रेसिडेन्सीप्रमाणे म्हणजे इलाख्याप्रमाणे, पलटणीप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे सगळ्या ऑफिसरांची नावं असत, आणि तिची बरीच वर्षं आता स्कॅन होऊन फुकट वाचायला मिळतात. तुम्ही 1838, 1839, 1840, 1841 अशा चार वर्षांच्या यादीत तिन्ही फौजांची पाचवी पलटण उघडा. एका पलटणीत ऑफिसर वीस-पंचवीसच असतात, दहा मिनिटांचं काम आहे. तुमचं आडनाव आणि आद्याक्षरं एकाच ठिकाणी जुळली की निम्मं काम झालं. एक लक्षात असू द्या, कंपनीच्या फौजेत राणीच्या फौजेसारखा हुद्दा विकत घेता यायचा नाही, ज्येष्ठतेने बढती मिळायची, त्यामुळे एकच माणूस दहा-दहा वर्षं लेफ्टनंट राहिलेला दिसेल, गोंधळू नका. नाव मिळालं की लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दफ्तर आहे, त्यात कॅडेट म्हणून भरती होतानाचे कागद आहेत ज्यात बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारस कुणी केली हे असतं, आणि मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी 'एन/3' या मालिकेत आहेत. 'फिबिस' नावाची संस्था आहे, भारतात राहिलेल्या ब्रिटिश कुटुंबांचा शोध घेणाऱ्यांची, त्यांच्या साइटवर नाव टाकून बघायला पैसे लागत नाहीत.

आणि मुंबईला गेलात तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जरूर जा. 1858 ला ते झालं, सिंध आणि अफगाणिस्तानच्या त्याच मोहिमांत मेलेल्यांच्या आठवणीसाठी, आणि आतल्या भिंतीवर ऑफिसरांची नावं पलटणीसकट संगमरवरात आहेत. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पेटीवरचं नाव शोधत गेलो होतो, ते नाही मिळालं, पण तासभर तिथे उभं राहून वाचत बसलो. बावीस, चोवीस वर्षांची पोरं ती. आणि त्यांच्याबरोबर मेलेल्या शिपायांची अशी नावानिशी यादी आपल्याला कुठे वाचायला मिळत नाही हेही तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं.

आता 'बक्षीस दिली' या घरातल्या गोष्टीबद्दल. ती खोटी आहे असं म्हणायचं नाही मला, पण अशा दहा पेट्यांमागे सात-आठ घरांत हीच गोष्ट सांगतात. दुसरा एक रस्ता फार सर्रास होता तो लोकांना माहीत नसतो. ऑफिसर मेला, आणि पटकी नाहीतर तापाने फार मरायचे, की त्याच्या सामानाची यादी करून छावणीतच लिलाव व्हायचा. घोडा, खोगीर, तंबू, कपडे, चमचे, पुस्तकं, सगळं. पैसे त्याच्या घरच्यांना जायचे. पेट्या, टेबलं, खुर्च्या दुसरे ऑफिसर घ्यायचे कारण विलायतेहून नवीन मागवायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त. तो दुसराही गेला किंवा परत निघाला की पुन्हा लिलाव. अशा मयतांच्या सामानाच्या याद्यासुद्धा इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, काहींमध्ये वस्तूपुढे घेणाऱ्याचं नाव आणि किंमत लिहिलेली असते. म्हणजे नशीब असेल तर 'रायटिंग डेस्क' या दोन शब्दांपुढे कुणीतरी दिलेले रुपये तुम्हाला दिसतील.

म्हणून माझं म्हणणं असं की पाटीवरचं नाव हा फक्त पहिला मालक. ज्याने नवीन घेतली आणि कोरून घेतली तो. त्याच्यानंतर कोण, हे पेटीच्या आत सापडतं, आणि तुम्हाला खरं महत्त्वाचं तेच आहे, कारण तुमचे खापरपणजोबा त्या रांगेत कुठेतरी आहेत. ते कमिसरियटमध्ये, म्हणजे फौजेच्या रसद खात्यात, कारकून होते असं तुम्ही लिहिलंय, तर मग लिलावात पेटी घेणं किंवा साहेबाने जाताना कमी पैशात देऊन टाकणं, दोन्ही शक्य आहे. आणि पितळी कोपरे म्हणजे लष्करीच असंही नसतं, अशाच पेट्या डॉक्टर, पाद्री, कलेक्टर सगळेच वापरायचे, तुमच्या बाबतीत पलटणीचं नाव आहे म्हणून लष्करी म्हणायचं.

आत बघायचं ते असं. पेटी टेबलावर ठेवा, जमिनीवर नको. उघडून उतरता भाग नीट पसरा, त्यावर हिरवी बनात दिसतेय ती सोडवू नका, खालून सैल झाली असेल तरी राहू द्या. वरच्या बाजूला दौतीचे दोन चौकोनी खण आणि मधे टाक ठेवायचं लांबट ताट आहे. एक काचेची दौत शिल्लक आहे तुमच्याकडे, दुसऱ्या खणात बहुतेक वाळूची डबी असणार, ओल्या शाईवर भुरभुरवायची. आता रिकाम्या दौतीच्या खणाकडे बघा, त्याची आतली उभी पातळ फळी, जी डेस्कच्या पोटाकडे आहे, ती बाकीच्यांपेक्षा किंचित सैल वाटते का? ती फळी अंगठ्याने वर उचला किंवा बाजूच्या पट्टीवर हळू दाबा, प्रत्येक कारागिराची तऱ्हा वेगळी. आत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते, ती सुटली की टाकाच्या ताटाखालची लांब फळी टक्कन पुढे येते आणि मागे दोन किंवा तीन छोटे चोरकप्पे दिसतात, बोटभर उंचीचे, ओढायला चामड्याची नाहीतर फितीची शेपटी. ती शेपटी दीडशे-पावणेदोनशे वर्षांची आहे, ओढली की तुटते, म्हणून पातळ पट्टी मागे सरकवून कप्पा बाहेर ढकला. फळी जागची हलली नाही तर थांबा, पावसाळ्यात लाकूड फुगतं, डिसेंबर-जानेवारीत पुन्हा बघा. मी स्वतः एका पेटीसाठी चार महिने थांबलोय.

नगरच्या एका घरातली पेटी होती, तिच्या चोरकप्प्यात मला कधी पत्र-बित्र मिळेल असं वाटलं नव्हतं. पण मधल्या कप्प्यातून निघाली मोडीतली एक चिठ्ठी, चार घड्या घातलेली, आणि तिच्यासोबत लाखेचा तुकडा. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे नेली तर त्यात ज्वारीचा हिशेब होता, किती पायली कुणाला दिली तो. इंग्रज ऑफिसरच्या महोगनी पेटीत, त्याच्या प्रेमपत्रासाठी बनवलेल्या कप्प्यात, आपल्या माणसाने ज्वारीचा हिशेब जपून ठेवला होता. घरच्यांना थोडी निराशा झाली, मला मात्र त्या पेटीतली ती सगळ्यात मोलाची गोष्ट वाटली, कारण पाटीवरच्या साहेबानंतर पेटी कुणी आणि कशी वापरली याचा तो लेखी पुरावा होता. कुठल्याच दफ्तरात तो मिळाला नसता.

चोरकप्प्यांशिवाय आणखी दोन जागा. बाजूच्या ड्रॉवरची पितळी खिटी आतून वर ओढली की तो ड्रॉवर सुटतो, तो पूर्ण बाहेर काढून उलटा करा, तळाला पेन्सिलीने नावं, आकडे, तारखा असतात. आणि पाटीचं वाचन. रात्री खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च पाटीच्या अगदी कडेने, आडवा धरा, समोरून नको. बारीक ओरखडेसुद्धा सावली टाकतात. तसाच दहा-बारा कोनांतून फोटो काढा. बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने हलका घासलात तरी अक्षरं उठतात, फक्त कागद हलू देऊ नका.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात. वाळवी नाही ना ते तळाला टकटक करून बघा, पोकळ आवाज आला तर पेटी बाकीच्या लाकडापासून लांब ठेवा आणि जाणकाराला दाखवा. सुटलेला सांधा फेव्हिकॉलने चिकटवू नका, जुना सांधा सरसाचा आहे, गरम सरसानेच बसवायचा, म्हणजे उद्या कुणाला पुन्हा उघडता येतो. वरचं पॉलिश चपडी लाखेचं आहे, त्यावर मेलामाइन किंवा टचवुड मारलं की पेटी कायमची गेली असं समजा.

भावाकडे पाठवण्याचं मात्र मनातून काढून टाका. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही, कुणी 'जुनं फर्निचर म्हणून पार्सल करून देतो' म्हणालं तरी ऐकू नका. आणि आतल्या कुलपाच्या भोकाभोवतीची पांढरी चकती हाडाची की हस्तिदंताची हे फोटोत कळत नाही, हस्तिदंत असेल तर इथे विकणंसुद्धा गुन्हा आहे. भावाला हवं तर मी सांगितलेले सगळे फोटो पाठवा, रजिस्टरमधलं नाव शोधायचं काम तो तिकडे बसून करू शकेल.

या आठवड्यात तुम्ही फक्त एवढं करा, ड्रॉवरचा तळ आणि रिकाम्या दौतीच्या खणाचा आतला फोटो पाठवा, टॉर्च आडवा धरून. कप्पा उघडला आणि कागद निघाला तर घडी उलगडू नका, आहे तसा पाकिटात ठेवा आणि मला सांगा, मोडी वाचणारे माझ्या ओळखीचे आहेत.